पश्चिमेचं कडक ऊन, पाणी तीन-चार दिवसांतून एकदा. गच्चीत वर्षभर फुलेल असं छोटं झाड कोणतं? सदाफुली लावली होती, पण जुलैत भरपूर पाणी घालूनही सुकली.

पुन्हा सदाफुलीच लावा. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे भिंतीच्या फटीतही फुलते आणि दीड-दोन फुटांत आटोपते. तुमचं ऊन तिला हवंच आहे.

जुलैतली ती सदाफुली बहुतेक मूळकुजीने गेली. मुळं कुजली की वर पाणी चढत नाही, पानं माना टाकतात आणि आपल्याला वाटतं तहानली. खालची माती ओली असून झाड मलूल दिसलं, तर पाणी ताबडतोब थांबवायचं.

म्हणून सगळी मेहनत निचऱ्यावर घ्या. आठ इंची मातीची कुंडी, दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीखालची ताटली काढून टाका. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात सरकवा. एप्रिल-मे मध्ये दुपारी पानं मिटल्यासारखी होतात, घाबरू नका. संध्याकाळीही तशीच राहिली आणि बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच पाणी घाला, तेही बुंध्याशी.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटून ते भरगच्च होतं. दुसऱ्या वर्षी बुंधा लाकडासारखा होतो आणि फुलं फक्त टोकाला येतात. फेब्रुवारीअखेर निम्म्यापर्यंत छाटा. खत बेतानेच, नाहीतर नुसता पाला माजतो.

फुलं हिरवी पडून पानं बारीक, झुपक्यासारखी यायला लागली, तर ते झाड मुळासकट उपटून टाका. वांग्यावरच्या पर्णगुच्छासारखाच हा रोग आहे, तुडतुडे तो पसरवतात आणि त्यावर घरगुती उपाय नाही. छाटून वाचवायच्या नादात शेजारच्या कुंड्याही जातात.

आणखी एक, कळकळीने सांगतो. साखर कमी होते म्हणून हिची पानं कुणी चावून खात असेल तर थांबवा. कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं याच झाडातून मिळतात. पानं विषारी आहेत.

रोप आणायचं तर गावठी गुलाबी किंवा पांढरं आणा. मोठ्या फुलांच्या संकरित जाती दिसायला सुरेख, पण पावसात माझ्या अनुभवाने लवकर दगा देतात. गावठीच्या शेंगा पिवळट झाल्या की तडकायच्या आत काढून काळं बी ठेवा. पेरताना वर मातीचा पातळ थर हवाच, हे बी अंधारात रुजतं.