आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सारख्या कीफ्रेमच्या मधल्या वेळात लेयर का हलतो?

नावाची पट्टी डावीकडून आत यावी, तीन सेकंद स्थिर राहावी आणि मग बाहेर जावी, यासाठी तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या कीफ्रेमला (कीफ्रेम म्हणजे ठरावीक क्षणीची जागा किंवा आकार नोंदवणारी खूण) पोझिशनचे सारखेच आकडे दिले आहेत, तरीही त्या तीन सेकंदांत पट्टी हळूच पुढे सरकून परत जागेवर येते, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे आकडे बरोबर आहेत. पोझिशनच्या प्रत्येक कीफ्रेममध्ये दोन स्वतंत्र गोष्टी ठरलेल्या असतात: लेयर (येथे तुमची पट्टी) कोणत्या वाटेने जाणार आणि त्या वाटेवर कोणत्या वेगाने जाणार. तुम्ही एफ९ दाबून लावलेले ईझी ईझ, म्हणजे हालचाल हळू सुरू करून हळू थांबवणारी सोय, केवळ वेगावर परिणाम करते. वाट मात्र मूळ सेटिंगनुसार ऑटो बेझिए, म्हणजे आपोआप वळण घेणारी, राहते. पहिल्या कीफ्रेमपासून आलेली दिशा दुसऱ्या कीफ्रेमपाशी एकदम तुटू नये म्हणून सॉफ्टवेअर ती वाट थोडी पुढे नेते आणि, तिसरी कीफ्रेम त्याच जागी असल्यामुळे, वळवून परत आणते. मोशन पाथ (लेयरची वाट दाखवणारी रेषा) झूम करून पाहिलात तर तेथे कीफ्रेमला जोडलेली, वळण बदलणारी दोन लहान हँडल दिसतील.

वाट सरळच हवी असेल तर चारही कीफ्रेम निवडून कंट्रोल-ऑल्ट-के (मॅकवर कमांड-ऑप्शन-के) दाबा आणि उघडलेल्या चौकटीत स्पेशिअल इंटरपोलेशन (वाटेचे सेटिंग) लिनिअर, म्हणजे सरळ, करा. टेम्पोरल इंटरपोलेशनला (वेगाच्या सेटिंगला) हात लावू नका, म्हणजे तुमचे ईझी ईझ जसेच्या तसे राहील. आत येताना पट्टीला मुद्दाम वक्र वाट दिली असेल, तर सर्व कीफ्रेम लिनिअर केल्याने तो वक्रही जाईल. अशा वेळी दुसऱ्या कीफ्रेमवर उजवे क्लिक करून टॉगल होल्ड कीफ्रेम निवडावे, कारण त्यामुळे तिसरी कीफ्रेम येईपर्यंत लेयर मुळीच हलत नाही. पुढे जागा बदलायची झाल्यास मात्र दोन्ही कीफ्रेम एकत्र बदलाव्या लागतात. एकच बदलली तर पट्टी तिसऱ्या कीफ्रेमपाशी झटक्याने उडी मारते. म्हणून सरळ हालचालीसाठी मी लिनिअर हाच मार्ग सुचवेन.

स्केल (आकार) किंवा रोटेशनमध्ये (फिरण्यात) अशी नको असलेली हालचाल दिसली तर हा उपाय लागू पडत नाही, कारण त्यांना मोशन पाथच नसतो. तेथे ग्राफ एडिटरमध्ये व्हॅल्यू ग्राफ (आकडा वेळेनुसार कसा बदलतो ते दाखवणारा आलेख) उघडावा, दोन सारख्या कीफ्रेमच्या मध्ये रेषा फुगलेली आहे का ते पाहावे आणि त्या बाजूची हँडल आडवी करावीत. पोझिशनवर सेपरेट डायमेन्शन्स (एक्स आणि वाय वेगळे करणारी सोय) वापरले असेल तेव्हाही एक्स आणि वाय यांचे ग्राफ असेच तपासावे लागतात.

हा त्रास वारंवार होत असेल तर प्रेफरन्सेसच्या जनरल विभागात ‘डीफॉल्ट स्पेशिअल इंटरपोलेशन टू लिनिअर’ या पर्यायावर खूण करा. त्याने आधी टाकलेल्या कीफ्रेम बदलत नाहीत, त्यामुळे सध्याच्या प्रोजेक्टमधील कीफ्रेम वरीलप्रमाणे हातानेच दुरुस्त कराव्या लागतील.