वाचकांचे प्रश्न : घरच्या हॉट टबचे पाणी

गरम पाण्याच्या टबाविषयी येणाऱ्या पत्रांची संख्या यंदा इतकी वाढली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. निवडलेले प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : लोणावळ्याच्या आमच्या सुट्टीच्या घरी गच्चीवर १२०० लिटरचा हॉट टब आहे. शनिवारी आम्ही पोहोचतो तेव्हा पाणी दुधाळ दिसते, क्लोरीनचा उग्र वास येतो आणि टबात बसले की डोळे चुरचुरतात. क्लोरीन जास्त होत असावे असे वाटून मात्रा निम्मी केली, तरी वास वाढतच आहे.

उत्तर : आपल्या टबात क्लोरीन कमी पडत आहे, आणि मात्रा निम्मी केल्यामुळे ते आणखी कमी पडू लागले. पाण्यातील मोकळ्या क्लोरीनला फारसा वास नसतो. घामातील अमोनिया आणि युरिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात आणि नाकाला झोंबणारा तो वास त्यांचा असतो. ही संयुगे मोडून टाकण्यासाठी आणखी क्लोरीन लागते. आपण घातलेले क्लोरीन संयुगे तयार होण्यापुरते पुरते आणि ती मोडण्याच्या आधीच संपून जाते.

हॉट टब म्हणजे छोटा जलतरण तलाव, अशी बहुतेकांची समजूत असते आणि अर्ध्याअधिक चुका तिच्यातून होतात. चार माणसे १२०० लिटरमध्ये बसली तर माणशी ३०० लिटर पाणी येते. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात हेच प्रमाण गाठायचे, तर एका वेळी १२५० माणसे उतरावी लागतील. शिवाय तलावाचे पाणी थंड असते, तर टबाचे पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस ठेवलेले असते, त्यात घाम भरपूर येतो आणि जेटमधून सतत हवा घुसळली जाते. म्हणून टबातील क्लोरीन काही तासांत संपू शकते आणि आठवड्यातून एकदा मात्रा देण्याचा तलावाचा शिरस्ता येथे चालत नाही. मोकळे क्लोरीन ३ ते ५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, असले पाहिजे. टबात उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते मोजावे आणि बाहेर आल्यावर लगेच पुढची मात्रा द्यावी.

मोजण्याच्या साधनाकडेही लक्ष द्यावे. दुकानात स्वस्तात मिळणारे, पाणी पिवळे करणारे ऑर्थोटोलिडीनचे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, म्हणजे मोकळे क्लोरीन आणि क्लोरामाइन यांची बेरीज. आपल्या आजच्या पाण्यात ते बहुधा गडद पिवळा रंग देतील आणि आपली समजूत पक्की करतील. त्याऐवजी गुलाबी रंग देणारे डीपीडीचे साधन घ्यावे, कारण त्यात मोकळे आणि संयुक्त क्लोरीन वेगवेगळे मोजता येते. मात्र क्लोरीन फारच वाढले तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो आणि पाण्यात क्लोरीन मुळीच नाही असा भास होतो. अशी शंका आली तर नमुन्यात तितकेच क्लोरीनविरहित पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट धरावा.

आता तातडीचा उपाय. झाकण काढून जेट चालू ठेवावेत आणि क्लोरीन एकदाच १० पीपीएमपर्यंत चढवावे. आपल्या १२०० लिटरसाठी ५६ टक्के उपलब्ध क्लोरीनची सोडियम डायक्लोरची भुकटी सुमारे २१ ग्रॅम लागेल. त्यानंतर किमान वीस मिनिटे झाकण उघडेच असू द्यावे, म्हणजे निघणारे वायू झाकणाच्या आतल्या आवरणात आणि उशांत मुरणार नाहीत. क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली येईपर्यंत कोणीही टबात उतरू नये. रात्रभर कोणीही टब वापरला नसताना सकाळी क्लोरीन पुन्हा शून्यावर आले, तर नळ्यांच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला आहे असे समजावे. अशा वेळी नळ्या साफ करण्याचे खास द्रावण घालून जेट फिरवावेत, टब पूर्ण रिकामा करावा, पुसून घ्यावा आणि नव्याने भरावा.

आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मात्र वेगळीच आहे. सोमवार ते शुक्रवार या टबाकडे कोणी पाहत नाही. झाकलेले, कोमट आणि क्लोरीन संपलेले पाणी लिजिओनेला या जिवाणूला फार मानवते आणि जेट चालू होताच उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर तो थेट फुफ्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या मांडून ठेवलेल्या गरम पाण्याच्या टबातून हा जिवाणू पसरला आणि किमान ३२ माणसे दगावली. त्यांतील अनेक जण टबाच्या केवळ जवळून गेले होते. म्हणून घर सांभाळणाऱ्या माणसाला क्लोरीन मोजायला आणि घालायला नीट शिकवावे व तपासणीची रोजची नोंद वहीत ठेवायला सांगावे. हे जमणार नसेल, तर रविवारी निघताना टब रिकामा करणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : टबाबरोबर आलेल्या पुस्तिकेत क्षारता १२० ठेवा असे म्हटले आहे, म्हणून मी दर आठवड्याला खाण्याचा सोडा घालतो. पण पीएच सारखा ८ च्या वर जातो आणि तो उतरवण्यासाठी दर दोन दिवसांनी आम्ल घालावे लागते. पाणी महानगरपालिकेचे आहे. (पुणे)

उत्तर : आपण एका हाताने सोडा घालत आहात आणि दुसऱ्या हाताने त्यालाच मारत आहात. खाण्याच्या सोड्यामुळे पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजेच क्षारता, वाढते आणि त्याबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही वाढतो. जेट सुरू झाले की सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यासारखा हा वायू पाण्यातून निघून जातो. तो निघून गेला की पीएच चढतो. क्षारता जितकी जास्त, तितका हा चढ वेगवान असतो. त्यामुळे पुस्तिकेतील १२० हा आकडा आपल्यासारख्या रोज जेट चालवणाऱ्या घरी त्रासदायक ठरतो. सोडा ताबडतोब बंद करावा. पीएच ७.८ च्या वर गेला की थोडे सोडियम बायसल्फेट घालून तो ७.२ वर आणावा, जेट चालवून पुन्हा चढू द्यावा आणि क्षारता ६० ते ८० पीपीएमवर उतरेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्यानंतर पीएच बराच काळ जागेवर राहील. पुढे कधी क्षारता वाढवावी लागलीच, तर हजार लिटरला १७ ग्रॅम खाण्याचा सोडा तिला १० पीपीएमने वाढवतो, हे लक्षात ठेवून वजन करूनच घालावा. चमच्याचा अंदाज येथे कामाचा नाही.

पीएचची इतकी चिंता कशासाठी, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. जंतू मारण्याचे काम प्रामुख्याने हायपोक्लोरस आम्ल करते. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश या रूपात असते, ७.५ ला सुमारे निम्मे आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे मोजणीत ४ पीपीएम दिसले, तरी ८ पीएचला प्रत्यक्ष काम करणारे क्लोरीन त्यातील जेमतेम एक पीपीएमच उरते.

खडकवासल्याचे पाणी मऊ असल्याने त्यात कॅल्शियम कमी पडते आणि फेस लवकर येतो. कॅल्शियम क्लोराइड घालून काठिण्य १५० पीपीएमच्या आसपास आणावे. हजार लिटरला सुमारे १५ ग्रॅम घातल्यास १० पीपीएम वाढ होते. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र हे करू नये, कारण दख्खनच्या खडकातून येणारे पाणी बहुधा आधीच कठीण असते आणि त्यातील क्षाराचा थर सर्वप्रथम हीटरवर चढतो.

प्रश्न : गुहागरजवळच्या आमच्या घरी विहिरीच्या पाण्याने टब भरतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, तीच पावडर टबात चालेल का? पाणी गढूळ झाले तर तुरटी फिरवावी का?

उत्तर : दोन्ही गोष्टी विहिरीत योग्य आणि टबात अयोग्य आहेत. टीसीएलमध्ये क्लोरीन सुमारे एक तृतीयांशच असते आणि बराचसा भाग चुन्याचा असतो. विहिरीत हा चुना तळाशी बसतो, पण टबात तो गाळणीत अडकतो, पीएच वाढवतो आणि कॅल्शियमचा थर जमवतो. तुरटीने गाळ एकत्र येऊन खाली बसतो हे खरे. परंतु टबात गाळ स्थिर बसायला जागाच नाही. तो गोळा झालेला गाळ पंप ओढून घेतो आणि गाळणीच्या घड्या बंद होतात. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेटही टबापासून दूर ठेवावे, कारण त्याचे तपकिरी डाग अॅक्रिलिकवरून सहजी जात नाहीत.

आपल्याकडील जांभ्याच्या जमिनीतील पाण्यात लोह असेल, तर क्लोरीन पडताच पाणी गंजासारखे तांबूस होईल. म्हणून भरतानाच नळीला गाळणी लावावी आणि क्लोरीन घालण्यापूर्वी लोह बांधून ठेवणारे द्रावण घालावे. रोजच्या वापरासाठी डायक्लोरने सुरुवात करावी. मात्र डायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन मिळते तेव्हा सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात साचते आणि ते वाढत गेले की क्लोरीन मंदावते. म्हणून ते ३० पीपीएमपर्यंत पोहोचले की साध्या, सुगंध नसलेल्या सोडियम हायपोक्लोराइटकडे (द्रवरूप ब्लीच) वळावे. तलावासाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या पांढऱ्या गोळ्या अतिशय आम्लधर्मी असतात आणि गरम पाण्यात भराभर विरघळतात, म्हणून त्या टबात कधीही टाकू नयेत.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. टीसीएल आणि डायक्लोर किंवा ट्रायक्लोर एका भांड्यात, एका चमच्याने किंवा एकाच ओल्या कपाटात कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते व स्फोट होऊ शकतो. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रत्येक रसायन स्वतंत्रपणे, पाणी फिरत असताना, थेट टबाच्या पाण्यात घालावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि डिसेंबरच्या मध्यापासून सहा आठवडे भारतात येणार आहोत. टब चालू ठेवावा की रिकामा करावा? मागच्या हिवाळ्यात परतल्यावर हीटर सुरूच होत नव्हता.

उत्तर : जो शेजारी आठवड्यातून दोन-तीनदा येऊन क्लोरीन आणि तापमान पाहील आणि वीज गेल्यास त्याच दिवशी कळवील, असा शेजारी असेल तरच टब चालू ठेवावा. बहुतेक टबांत पाणी गोठू नये म्हणून पंप आपोआप सुरू करण्याची सोय असते, पण ती विजेवर चालते. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ्या, पंपाचे कवच, हीटरची नळी यांपैकी जे कमकुवत असेल ते फोडते. सहा आठवड्यांसाठी माझा कौल टब रिकामा करण्याकडे आहे, आणि हे काम पहिल्यांदा तरी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. तळाचे बूच काढून पाणी सोडणे पुरेसे नसते. जेटच्या नळ्यांत उरलेले पाणी ओले-कोरडे ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढावे लागते, पंपाचे जोड सैल करावे लागतात आणि जेथून पाणी निघत नाही तेथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे बिनविषारी द्रावण घालावे लागते. मोटारगाडीत वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे वापरू नये. पाणी सोडण्यापूर्वी क्लोरीन शून्यावर येऊ द्यावे, नाहीतर बागेचे आणि ओढ्यातील माशांचे नुकसान होते.

हीटर सुरू न होण्याचे कारण परतल्यावर भरताना पंपात अडकलेली हवा हे असू शकते. पाइप टबात सोडून न भरता गाळणीच्या खोबणीत सोडून भरले, तर नळ्यांतील हवा पुढे ढकलली जाते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे तुंबलेली गाळणी. प्रवाह कमी झाला की सुरक्षेसाठी हीटर बंद पडतो आणि लोक विनाकारण नवा हीटर घेतात. आधी गाळणी काढून टब चालवून पाहावा. हीटर सुरू झाला तर दोष गाळणीत आहे. गाळणी दर आठवड्याला नळाखाली धुवावी आणि महिन्यातून एकदा तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणात रात्रभर बुडवावी. आम्लात बुडवायची असेल तर आधी तेल निघालेले असले पाहिजे, नाहीतर ते घड्यांत पक्के बसते. ब्रशने घासू नये. दोन गाळण्या ठेवून आलटून पालटून वापरल्यास हे सारे सोपे जाते.

प्रश्न : चार वर्षांची नात आणि गरोदर सून टबात बसू शकतात का? (ठाणे)

उत्तर : पाच वर्षांखालील मुलांना हॉट टबात बसवू नये, कारण त्यांचे शरीर फार लवकर तापते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टब टाळावा आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. मोठ्यांनीही ४० अंशांच्या वर तापमान नेऊ नये आणि एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसू नये.

नात मोठी झाल्यावर ती टबात उतरेल तेव्हासाठी आणखी एक गोष्ट आजच तपासावी. पाणी ओढून घेणाऱ्या छिद्रावरील जाळी घट्ट बसलेली आणि न तडकलेली असावी. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या अशाच छिद्राच्या ओढीत अडकून मरण पावली. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यातून २००७ साली तिच्याच नावाचा कायदा झाला आणि अमेरिकेतील सार्वजनिक तलावांना व टबांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. आपल्या घरी ही तपासणी आपल्यालाच करायची आहे. त्याच वेळी टबाच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे ना, त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर वीज लगेच तुटते ना आणि अर्थिंग ठीक आहे ना, हेही पाहून घ्यावे. लांब केस बांधूनच टबात बसण्याचा नियम घरात करावा. जाळीला तडा दिसला किंवा तिचा एखादा स्क्रू निघालेला आढळला, तर मुख्य स्विच बंद करावा आणि नवी जाळी बसेपर्यंत कोणालाही टबात उतरू देऊ नये.