'आधी पूर्ण बरं होऊ दे, मग बघू'

"मॅडम, हे एकदा पूर्ण बरं होऊ दे, मग बघू." अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्यांचा जुनाट दाह असलेली मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य ठरलेलं. नोकरीचं मग बघू, लग्नाचं मग बघू, पुढच्या शिक्षणाचं मग बघू. आजार बहुतेकदा 15 ते 35 या वयात उघड होतो, म्हणजे नेमका सगळं ठरवायच्या वयात, आणि एकदा आला की मुक्कामालाच येतो. औषधांनी दाह शमतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं काही त्रास नसतो, आणि केव्हातरी परत उसळतो. त्या 'मग'ची तारीख कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. ती तुम्ही ठरवायची.

वर्षा (नाव बदललं आहे) कोल्हापूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. संडासातून रक्त पडायला लागलं तेव्हा घरच्यांनी मूळव्याध समजून बरेच दिवस चूर्णं दिली. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी झाली आणि कोलायटिस निघाला. स्टिरॉइडनं चेहरा सुजला, नंतर मेसालामाइन या दाह शमवणाऱ्या औषधावर गाडी रुळावर आली. माझ्याकडे आली तेव्हा रिपोर्ट चांगले होते. पण नोकरी सोडलेली, बाजार बंद, नातेवाइकांकडे जाणं बंद.

सोबत आई होती. "हिला टेन्शन घ्यायची सवय, त्यातनंच झालंय हे. वर वडापाव!" हे मी लगेच थांबवते. प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यांवर उलटते, त्यात आनुवंशिकतेचा आणि आतड्यांतल्या जिवाणूंचाही हात असतो. ताणानं त्रास वाढू शकतो, काही पदार्थ काहींना सोसत नाहीत, पण वडापावनं कुणाला कोलायटिस होत नाही. आजारावर अपराधीपणाचं ओझं चढलं की माणूस स्वतःसाठी काही मागायलाही कचरतो.

वर्षाला विचारलं, काय करायचंय तुला?

"दहावीला विज्ञान शिकवायचंय. पण अजिबात त्रास नसेल तेव्हाच."

"समजा, वर्गात असताना घाई लागली आणि पोचता आलं नाही. मग?"

"मग मेल्यासारखंच की. मुलं हसणार, गावभर होणार. सहनच होणार नाही मला."

"असं कधी झालंय?"

बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "झालंय. मामेबहिणीच्या लग्नात, सांगलीला. मंगलाष्टकं चालू होती. कार्यालयातल्या संडासाला कुलूप. साडी खराब झाली."

"मग?"

"मावशीनं बघितलं. काही विचारलं नाही, खोलीत नेलं, स्वतःची साडी नेसवली. खूप रडले मी."

"मग?"

"मग... पंगतीला बसले." ती थांबली. "दहीभात खाल्ला. फोटोही काढले. अल्बममध्ये मी मावशीच्या हिरव्या साडीत आहे. साडी का बदलली, कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि ती रडता रडता हसायला लागली.

"म्हणजे जे सहनच होणार नाही म्हणतेस, ते सोसून वर जेवून आलीस."

प्रसंग लाजिरवाणा होता, हे मी नाकारलं नाही. 'काही होत नाही गं' म्हणणं शुद्ध खोटं झालं असतं. पण लाजिरवाणं म्हणजे असह्य, हा तिनं लावलेला हिशोब तिच्याच पुराव्यावर टिकत नव्हता. मी विवेकनिष्ठ विचारांच्या शाळेतली आहे, म्हणजे मनातला टोकाचा विचार पुराव्यावर तपासून बघणारी, ते लपवत नाही. लोकांना वाटतं समुपदेशक धीर देतो. मी फक्त 'मग?' विचारत राहते. धीराचा पुरावा माणसाच्या स्वतःच्या गाठीला असतो, पण गोष्ट तो सर्वांत वाईट क्षणापाशीच थांबवतो. पंगतीपर्यंत कुणी जातच नाही.

पुढच्या वेळी ती म्हणालीच, "तुम्हाला बोलायला सोपं आहे." रास्त आहे. मग तिला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसबद्दल सांगितलं. ही पद्धत त्यांची. चाळिशीपासून मधुमेह, आणि 2003 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, मोठं आतडंच काढावं लागलं. त्यानंतरही 2007 मध्ये जाईपर्यंत शक्य तेवढं काम करत राहिले. वर्षा म्हणाली, "मोठं आतडं? अख्खं?" तिथून सूर बदलला.

ध्येय ठरवताना मी एकच गोष्ट ठामपणे सांगते. 'यंदा त्रास होऊ देणार नाही' हे ध्येयच नव्हे, कारण ते आपल्या हातात नाही. गोळी रोज घेणं हातात आहे, विशेषतः बरं वाटत असताना. सगळ्यात जास्त गोळ्या तेव्हाच सुटतात आणि आजार तिथेच डोकं वर काढतो. अंगदुखीला दुकानातून ब्रुफेनसारखी गोळी परस्पर न घेणं हातात आहे. आणि प्रत्येक ध्येयाची दोन रूपं ठरवायची, चांगल्या दिवसाचं आणि वाईट दिवसाचं. वर्षाचं चांगल्या दिवसाचं: फळ्यासमोर उभं राहून शिकवणं. वाईट दिवसाचं: खुर्चीत बसून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोडवून घेणं. शिकवणं दोन्हीकडे होतंच.

मुख्याध्यापिकांना काय सांगायचं याची आम्ही रंगीत तालीम केली. आजाराचं नाव, तो संसर्गजन्य नाही एवढं, आणि नेमकी मागणी. सकाळी तिला घाई जास्त लागते, म्हणून तास मधल्या सुट्टीनंतरचे, आणि वर्ग तळमजल्यावरचा. दोन्ही मिळालं. पर्समध्ये एक पंजाबी ड्रेस, ओले टिश्यू, प्लास्टिकची पिशवी. काही जण म्हणतात असं सामान बाळगलं की भीती वाढते. माझा अनुभव उलटा आहे. फक्त पर्स तयार झाल्यावर बाहेर पडायचं, पुन्हा पुन्हा तपासत घरी बसायचं नाही.

आईचा प्रश्न राहिलाच होता: लग्नाचं काय, आणि मुलाकडच्यांना सांगायचं का? सांगायचं. पहिल्या भेटीत पत्रिकेसोबत नको, पण पसंती झाल्यावर, सुपारी फुटायच्या आत. लपवलेल्या गोळ्या नव्या घरात घेतल्या जात नाहीत, हे मी बऱ्याच जणींचं पाहिलंय. मूल होऊ शकतं. आजार शांत असताना ठरवावं, आधी पोटविकारतज्ज्ञांशी बोलावं. मेथोट्रेक्झेटसारखं औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते आधी बंद करावं लागतं. बाकीची बरीच औषधं चालू ठेवता येतात, भीतीनं स्वतःहून सोडू नयेत.

झोप उडाली, जगावंसं वाटत नाही, अशी अवस्था असेल तर मात्र माझ्या गप्पा पुरत नाहीत. मी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, त्यात कमीपणा नाही.

वर्षा सध्या दहावीला शिकवते आहे. मध्ये एकदा त्रास उसळला, आठवडाभर रजा झाली, ती परत रुजू झाली. डिसेंबरात सहल गणपतीपुळ्याला जायची आहे आणि एसटीत संडास नसतो. तिनं सोबतच्या शिक्षकांत स्वतःचं नाव दिलंय, आणि बस मलकापूरला, आंब्याला, साखरप्याला थांबेल, हे आधीच पक्कं करून घेतलंय.