निविदांमधलं संगनमत आकड्यांतून हेरताना

प्रश्न: पाच वर्षांच्या निविदांच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत. बोलीदारांनी रिंग केली असेल, म्हणजे कोण जिंकणार हे आपसांत आधीच ठरवलं असेल, तर ती संगणकाने शोधता येईल का?

उत्तर: संशयास्पद निविदा वेगळ्या काढता येतात, संगनमत मात्र त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्येक निविदेतल्या सगळ्या बोली हव्यात. फक्त जिंकलेली रक्कम नोंदवलेली असेल तर हा हिशेब करताच येत नाही.

समजा, बोली १००, १०६, १०७, १०७ आणि १०८ आहेत. सरासरी १०५.६, प्रमाण विचलन (बोली सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचं माप) ३.२१, म्हणजे सरासरीच्या जेमतेम ३ टक्के. बोली इतक्या जवळजवळ असणं ही पहिली खूण. आता सर्वांत कमी दोन बोलींमधलं अंतर, ६, हरलेल्या चार बोलींच्या प्रमाण विचलनाने (०.८२) भागा. उत्तर ७ च्या वर जातं. १ ओलांडलं तरी ती निविदा बाजूला काढायची. हरणारे एकमेकांना खेटून आणि जिंकणारा सुरक्षित अंतरावर, अशी ही ठेवण असते, कारण मुद्दाम हरणाऱ्याला फक्त ठरलेल्या आकड्याच्या वर राहायचं असतं.

घोळ होतो तो बहुधा नोंदींत. एका बोलीत कर धरलेला, दुसरीत नाही. एकच कंपनी तीन स्पेलिंगनी. अपात्र बोलीही यादीत. हरलेल्या बोली तंतोतंत सारख्या असतील तर भाजक शून्य होतो आणि एक्सेल चूक दाखवतं. अशा ओळी कृपा करून पुसू नका, त्याच आधी वाचा. सर्वांचा कच्चा माल एकाच दराने येत असेल तर प्रामाणिक बोलीही जवळजवळ येतात. म्हणून एका निविदेवर विसंबू नका. तेच बोलीदार आळीपाळीने जिंकतात का, हे पाहा. स्वित्झर्लंडच्या स्पर्धा आयोगाने अशाच चाचण्यांवरून सी-गास्टर भागातल्या रस्तेबांधणी कंपन्यांची चौकशी २०१३ मध्ये सुरू केली. २०१६ मध्ये दंड झाला.

प्रश्न: कंपन्यांच्या विलीनीकरणात एचएचआय (बाजार किती मोजक्या हातांत आहे हे दाखवणारा आकडा, सर्व कंपन्यांच्या टक्केवारी बाजारहिश्श्यांच्या वर्गांची बेरीज) काढताना ‘इतर’ म्हणून एकत्र दाखवलेल्या छोट्या कंपन्यांचं काय करायचं?

उत्तर: त्यांना एक कंपनी धरू नका. २० टक्के ‘इतर’चा वर्ग ४०० होतो, तिथे प्रत्येकी २ टक्क्यांच्या दहा कंपन्या असतील तर बेरीज फक्त ४०. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरण मार्गदर्शक तत्त्वांत १८०० ही सीमारेषा आहे, तिच्यावरचा बाजार फार मोजक्या हातांत असल्याचं मानतात, तेव्हा हा फरक निकाल फिरवू शकतो. विलीनीकरणाने एचएचआय किती वाढेल हे काढायला मात्र ‘इतर’ लागत नाहीत: ३० आणि २ टक्केवाले एकत्र आले तर २ × ३० × २ = १२०.