स्पार्क आहे, पंप चालतोय, पण इंजेक्टर उघडत नाही: ईसीएम बदलण्याआधी हे बघा

प्लगला स्पार्क आहे, चावी ऑन केली की पंपाची घरघर दोन-तीन सेकंद ऐकू येते, सेल्फ दणकून फिरतो आणि तरी प्लग कोरडा ठणठणीत, गाडी सुरूच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय! तुमचं वर्णन वाचून माझीच जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी डोळ्यांसमोर आली. गॅरेजवाला ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतोय ना? पैसे देऊ नका, थोडं थांबा.

माझ्या गाडीचा एका गॅरेजने (नाव घेत नाही) आधी पंप बदलला, मग इंजेक्टर सफाईला पाठवले, शेवटी सेकंडहँड ईसीएम बसवला. त्याचं कोडिंग चावीशी जुळेना, म्हणजे एका बिघाडाचे दोन झाले. एवढ्या काळात इंजेक्टरच्या सॉकेटला कोणी साधा टेस्टर लावला नव्हता. याचा राग मला अजून आहे. पार्ट बदलत सुटायचं आणि बिल गिऱ्हाइकाने भरायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

बिघाड सापडला तो एका वायरिंगवाल्याला. इंजेक्टरच्या एका वायरला चावी ऑन असताना १२ व्होल्ट असतात, दुसरी वायर ईसीएम क्षणभर अर्थला (बॅटरीच्या मायनसला) जोडतो, की इंजेक्टर उघडतो. पहिलीला १२ नसतील तर मेन रिले (ईसीएम आणि इंजेक्टरला वीज देणारा स्विच), फ्यूज आणि उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग बघा. असतील तर एलईडी टेस्टर घ्या (बल्बवाला नको, ईसीएमवर लोड येतो). एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं त्या दुसऱ्या वायरला लावून सेल्फ मारा. लुकलुकला तर ईसीएम काम करतोय. मग फ्यूएल प्रेशर आणि इंजेक्टर तपासा.

नाही लुकलुकला, तरी ईसीएम गेला असं धरू नका. माझ्याकडे थ्रॉटल पोझिशन सेन्सर (ॲक्सिलरेटरचं पेडल किती दाबलंय हे ईसीएमला कळवणारा) बिघडला होता. पेडलवर पाय नसताना सिग्नल वायरला साधारण अर्धा व्होल्ट हवा, तिथे चारच्या वर येत होता, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यासारखा. इंजिन फ्लड झालं (जास्त पेट्रोलने प्लग भिजले) की पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारतात. त्या वेळी बऱ्याच गाड्यांत ईसीएम मुद्दाम पेट्रोल बंद ठेवतो. माझा ईसीएम तेच करत होता. सेन्सरचं सॉकेट काढून सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) गेला तर बहुतेक गाड्यांत स्पार्कही जातो, म्हणून तो नंतर. डिस्ट्रिब्युटरवाल्या (एकाच कॉइलचा स्पार्क प्लगांना आळीपाळीने वाटणाऱ्या) काही गाड्यांत स्पार्क वेगळ्या सेन्सरवर चालतो, तिथे मात्र आधी तोच बघा. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का, तेही कळवा. काही गाड्यांत इमोबिलायझर फक्त इंजेक्शन तोडतो.

मी मेकॅनिक नाही. वायरींचे रंग मॉडेलप्रमाणे बदलतात, डायग्राम बघितल्याशिवाय कुठेही टोचू नका. आणि ईसीएम बदललाच, तर जुना आपल्या ताब्यात घ्या.