कुलपात चावी घातली की...

"मॅडम, हा मनाचा आजार आहे का?" बाईंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. वय ४२, लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात काउंटरला. दिवसभर काही त्रास नाही. घरी येऊन कुलपात चावी घातली की लघवी आवरत नाही. दोनदा जिन्यातच साडी ओली झाली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

तीन दिवस वही ठेवायला सांगितली: काय प्यायलं, किती वाजता गेलात. सकाळी ९ ते रात्री ८ या वेळात चहा चार कप, पाणी अर्धा ग्लास, लघवीला एकदाही नाही! दुकानात सोय नाही आणि जवळच्या स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही. फारच झालं तर तिथे अधांतरी बसायचं. तसं बसलं की ओटीपोटाखालचे स्नायू सैल होत नाहीत, लघवीची पिशवी पुरती रिकामी होत नाही.

मग बोलता बोलता कसब्यातला वाडा निघाला. आठ बिऱ्हाडांत दोन संडास, तेही मागच्या बाजूला. रात्री लागली तर आई म्हणायची, "आता सकाळी." लग्नानंतर परगावी निघताना सासूबाई सांगायच्या, पाणी कमी पी. दोघींचंही चुकलं म्हणवत नाही मला. सोयच नव्हती, त्या तरी काय करणार?

मनाचा आजार नव्हे, ही पिशवीला लागलेली सवय. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते. चहा त्यात भर घालतो. वर अकरा तास कळ दाबून ठेवल्यावर घरचं दार म्हणजे सुटका, हे मेंदूने पाठ केलेलं. (लघवीत रक्त, जळजळ, ताप असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे.)

उपाय साधे होते. पाणी दिवसभर थोडं थोडं, चहा दोनच कप, दर तीन तासांनी जायचंच. दाराशी कळ आली की पळायचं नाही. जागीच उभं राहून लघवी रोखतो तसे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे-सोडायचे, कळ ओसरली की चालत जायचं.

अवघड काम निराळंच होतं. मालकांशी हे बोलायला त्यांना तीन आठवडे लागले. वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्यांच्या संडासाची एक किल्ली आता गल्ल्याशेजारी टांगलेली असते. पहिल्याच दिवशी दुकानातल्या आणखी दोघींनी ती मागून नेली.