रॅम वाढवायची की नवा लॅपटॉप घ्यायचा?

प्रश्न: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांचे हिशेब मी घरून लिहिते. लॅपटॉप मागच्या वर्षी 52,000 ला घेतला, वॉरंटी अजून दोन वर्षं आहे. 8 जीबी रॅमवर तो फार रखडतो. रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) आणून स्वतः बसवली तर 9,000 खर्च येईल. दुकानदार म्हणतो, झाकण उघडलं की वॉरंटी संपली; त्यापेक्षा 60,000 चा नवा घ्या, महिना 5,000 हप्ता. काय करू?

उत्तर: नवा घेऊ नका. चालत्या मशीनपायी वर्षभर महिना 5,000 अडकवण्याइतकं कारण यात दिसत नाही.

झाकण उघडलं की वॉरंटी गेली, हे सरसकट खरं नाही. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या बऱ्याच मॉडेलची रॅम कशी बदलायची याचं मॅन्युअल स्वतःच देतात. वॉरंटीत बसत नाही ते उघडताना झालेलं नुकसान. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, पट्टीची केबल ओढून तुटली, बॅटरीचा कनेक्टर न काढता रॅम बसवली आणि मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) जळाला, तर खर्च तुमचा. मदरबोर्डचं बिल या 9,000 च्या कितीतरी पुढे जातं. खरी जोखीम तीच. तरी तुमच्या मॉडेलचं वॉरंटी पत्रक आधी वाचा, अटी वेगळ्या असू शकतात.

पैसे देण्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅमचा वापर बघा, तीही नेहमीच्या सगळ्या फाइली उघड्या ठेवून. वापर 7 जीबीच्या वर असेल तर रॅमचा उपयोग होईल. तिथेच किती स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) भरलेत तेही दिसतं. एकच स्लॉट असेल तर जुनी काढून 16 जीबीची एकच रॅम लागेल. ‘रो ऑफ चिप्स’ असं लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच जडवलेली आहे. अशा वेळी मोकळा स्लॉट नसेल तर ती वाढणार नाही. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या वेगळ्या पिढ्या; डीडीआर4 च्या जागी डीडीआर5 बसत नाही. आत आधीच एसएसडी असेल आणि जागा शिल्लक असेल, तर नवी एसएसडी आत्ता नकोच. तेवढे पैसे वाचवा.

वॉरंटी दोन वर्षं उरलीय, म्हणून माझं मत: बसवण्याचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या. मजुरी आधी विचारा, आणि सिरियल नंबर घातलेली जॉबशीट (केलेल्या कामाची पावती) घेतल्याशिवाय निघू नका. त्याआधी अडत्यांच्या सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, कागदावर उतरवून ठेवा. नंतर लॅपटॉपने ती मागितली आणि ती नसली, तर स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. नव्या रॅमची वॉरंटी रॅमच्या कंपनीची, म्हणून तिचं बिल वेगळं जपा. जुनी रॅम काढावी लागली तर विकू नका. दुरुस्तीला देताना तीच परत बसवून द्या.

उद्या स्क्रीन बिघडली आणि रॅमचं कारण सांगून वॉरंटी नाकारली, तर रॅममुळे नेमकं काय बिघडलं ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.